नेपाळच्या वॉर्डातली एक खुर्ची

२० नोव्हेंबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या विषयावर भाषण केले. बळाने आणलेली व्यवस्था बळ हटल्यावर टिकेल काय, हा त्यांचा सवाल होता. पुढे सोळाच दिवसांत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्याच नेपाळात फेब्रुवारी १९९६ मध्ये माओवाद्यांनी शस्त्र उचलले. दहा वर्षांत हजारो माणसे मेली. लढणाऱ्यांत कामी, दमाई, सार्की म्हणजे लोहार, शिंपी, चांभार यांच्या पोरी-पोरे होती. त्यांना बंदूक का जवळची वाटली, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

२१ नोव्हेंबर २००६ ला शांतता करार झाला. बंदुका कंटेनरमध्ये कुलूपबंद झाल्या, देखरेख संयुक्त राष्ट्रांची. एप्रिल २००८ मध्ये संविधान सभा निवडली गेली आणि २८ मे रोजी राजेशाही संपली. पण ६०१ जणांची ती सभा चार वर्षे भांडून २०१२ मध्ये संविधानाविनाच संपली. दुसरी सभा निवडावी लागली, तेव्हा कुठे २० सप्टेंबर २०१५ ला संविधान आले. आपली घटना तीन वर्षांच्या आत तयार झाली, तिचे मोल अशा वेळी कळते.

या सगळ्यात मला मोठी वाटते ती वॉर्डातली खुर्ची. तिकडे वॉर्ड समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यांत दोन महिला, आणि त्यातली एक दलितच हवी, असा कायदा आहे. २०१७ मध्ये वीस वर्षांनी स्थानिक निवडणुका झाल्या, तेव्हा साडेसहा हजारांवर दलित भगिनी निवडून आल्या. आपल्याकडे राखीव जागा लोकसंख्येप्रमाणे मिळते आणि फिरते. एकदा आली की पुन्हा कधी, ते सोडतीवर. तिकडे ती प्रत्येक वॉर्डात, प्रत्येक वेळी.

मात्र जन्मनोंद, नागरिकत्वाची शिफारस ही कामे वॉर्ड कार्यालयातून होतात आणि शिफारशीवर सही अध्यक्षाची. अध्यक्षपद दलित बाईच्या वाट्याला क्वचितच येते. कारकुनी करणाऱ्याला सहीची किंमत ठाऊक असते. आपल्या खान्देशातही सरपंच बाईच्या जागी नवराच बैठकीत बोलतो, हे गावोगावी दिसतेच.

सप्टेंबर २०२५ मध्ये भ्रष्टाचाराविरुद्ध तरुण रस्त्यावर आले, संसद भवन जळाले, सरकार पडले. माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. काठमांडूत एवढे घडले, तरी तोडगा निघाला तो नव्या निवडणुकीचाच.