स्मृतीची परीक्षा

संगणक चालता चालता एकाएकी बंद पडतो. आज लेख लिहिताना, उद्या चित्र पाहताना, तर परवा नुसता सुरू होता होताच तो थांबतो. प्रत्येक वेळी जी आज्ञावली चालू असेल, तिच्यावरच दोष ठेवला जातो. परंतु कित्येकदा खरा दोष असतो तो संगणकाच्या स्मृतीत.

हाती असलेल्या कामाच्या आज्ञा आणि आकडे संगणक तात्पुरते या स्मृतीत ठेवतो. तिच्यात असंख्य सूक्ष्म कप्पे असतात. कप्प्यात विद्युतभार असला म्हणजे १ आणि नसला म्हणजे ०, एवढीच प्रत्येकाची नोंद. ८ गिगाबाइट स्मृतीत असे ६,८०० कोटींहून अधिक कप्पे असतात. त्यांतील एक जरी बिघडला, तरी त्यात ठेवलेला १ परत घेताना ० होऊन येऊ शकतो. तेथे चित्राचा अंश असेल, तर एखाद्या ठिपक्याचा रंग बदलतो, इतकेच; पण आज्ञा असेल, तर सारे यंत्रच अडते. कप्प्यात आज एक गोष्ट असते, तर उद्या दुसरी. म्हणून बिघाडाचे रूपही सारखे पालटते. हीच सदोष स्मृतीची पहिली खूण होय.

एका अंकाने केवढा घोटाळा होतो, हे बेल्जियम देशात दिसून आले. १८ मे २००३ रोजी झालेल्या निवडणुकीत स्कारबेक येथे संगणकाने एका उमेदवाराला शक्य त्याहून अधिक मते दाखविली. मतदारांची चुंबकीय पत्रे पुन्हा मोजली, तेव्हा ४,०९६ मते जास्त धरली गेल्याचे आढळले. बारा वेळा २ मांडून गुणाकार केला, की नेमकी हीच संख्या येते. आज्ञावलीत चूक सापडली नाही. तेव्हा स्मृतीतील एका स्थानी ० चा १ झाला असावा, असा तज्ज्ञांनी निष्कर्ष काढला.

असा क्षणिक दोष पुन्हा हाती लागत नाही. कायमचा बिघाड मात्र पकडता येतो. गृहिणी मडके विकत घेताना ते वाजवून पाहते, तशीच स्मृतीचीही परीक्षा घेतात. त्यासाठी खास आज्ञावली असते. ती प्रत्येक कप्प्यात प्रथम ० ठेवते आणि वाचून पाहते. मग १ ठेवते. मग एकाआड एक ० आणि १. काही कप्पे शेजारचा कप्पा पालटला तरच चुकतात, तर काही तापल्यावरच. म्हणून ही परीक्षा अनेक तास चालू ठेवतात. ठेवले एक आणि मिळाले दुसरे, असे एकदा जरी घडले, तरी संशयाला आधार मिळतो.

त्यानंतर वीज बंद करून स्मृतीच्या पट्ट्या काढतात आणि एकेक पट्टी पाळीपाळीने लावून तपासतात. चूक पट्टीबरोबर दुसऱ्या खाचेत गेली, तर पट्टी सदोष. ती त्याच खाचेत राहिली, तर खाचेकडे लक्ष द्यावयाचे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा येथील मुख्य नियम होय. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर संगणक सुधारेलही. पण दोष कोठे होता, हे मात्र कळणार नाही.