हिवाळ्यातील अंगणपक्ष्यांचे छायाचित्रण

दिल्लीच्या नैर्ऋत्य भागातील रामकृष्णपुरम ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत होय. लोकांच्या तोंडी तिचे नाव आर. के. पुरम असे रुळले आहे. कमी उंचीच्या घरांच्या रांगा, त्यांमधील हिरवळीचे चौकोन, कडेचे कडुनिंब, जांभूळ व पिंपळ, आणि मध्येच उभे असलेले वजीरपूरच्या घुमटासारखे लोदीकालीन अवशेष, असे तिचे रूप आहे. दक्षिणेस जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे झुडपी रान असून अरवलीचा कणाही दूर नाही. पक्ष्यांची चित्रे घेण्यासाठी अरण्यातच गेले पाहिजे, हा समज अशा ठिकाणी एका हिवाळ्यात नाहीसा होतो.

ऑक्टोबरच्या सुमारास येथे उत्तरेकडील पाहुणे येऊ लागतात. त्यांपैकी छायाचित्रकाराने प्रथम ज्याची ओळख करून घ्यावी तो कृष्ण थिरथिरा. महाराष्ट्रातही हा पक्षी हिवाळ्यात येतो. त्यामुळे मराठी वाचकास तो अगदीच परका नाही. नराचे मस्तक, छाती व पाठ काळसर आणि पोट व शेपूट तांबूस नारिंगी असते. मादी उदी रंगाची असते. कुंपणाची भिंत, नळाची तोटी किंवा पडलेली वीट अशा ठेंगण्या जागेवर तो बसतो, शेपूट थरथरवितो, जमिनीवर झेप घेऊन किडा उचलतो आणि पुष्कळदा त्याच जागी परततो. ह्या एका सवयीत छायाचित्रणाचे अर्धे शास्त्र आले. पक्ष्याच्या मागे धावणाऱ्यास पाठमोरी शेपूट मिळते. भिंतीपासून सहा-सात मीटरांवर खुर्ची टाकून अर्धा तास स्वस्थ बसणाऱ्यास पक्षी आपण होऊन समोर येतो.

स्वस्थ बसण्याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. लहान शरीराचे पृष्ठफळ त्याच्या वजनाच्या मानाने मोठे असते, म्हणून त्यातील उष्णता झपाट्याने निघून जाते. झाडाच्या शेंड्यात सतत हालचाल करणारा ह्यूमचा पर्ण-वटवट्या अवघ्या सहा-सात ग्रॅम वजनाचा असतो. डिसेंबरअखेर दिल्लीतील दिवस सुमारे सव्वादहा तासांचा असतो. तेवढ्या वेळात खाऊन साठविलेल्या चरबीवर त्याला पुढची थंड रात्र काढावयाची असते. अशा पक्ष्यास पुनःपुन्हा उडविणे म्हणजे त्याच्या तुटपुंज्या शिधेतून उचल करणे होय. ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्यास बोलाविण्याची युक्ती ह्याच कारणासाठी वर्ज्य मानावी. खोट्या प्रतिस्पर्ध्याच्या शोधात त्याचा आहाराचा वेळ फुकट जातो.

आता प्रकाशाकडे वळू. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी मुंबईत सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो. दिल्लीत तो सुमारे ३८ अंशांवरच राहतो. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी जसा प्रकाश डोक्यावरून पडून पक्ष्याचे डोळे व पोट काळवंडते, तसे येथे हिवाळ्यात होत नाही. तिरपे ऊन पिसांची वीण स्पष्ट करते. अडचण आहे ती धुक्याची. जलाचे सूक्ष्म बिंदू प्रकाश सर्व दिशांना विखुरतात, आणि धूर व धूळ यांचे कण त्यात भर घालतात. पक्षी व भिंग यांच्यामधील हवेचा थर जितका जाड, तितके चित्र फिके. दूरचे जवळ आणणारे ४०० मिलिमीटरांचे भिंग येथे तारक ठरत नाही, कारण ते पक्ष्याबरोबर धुकेही मोठे करते. उपाय एकच, अंतर कमी करणे. आणि ते पक्ष्याला करू देणे.

धुक्यात कॅमेऱ्यातील प्रकाशमापकही फसतो. समोरचे दृश्य मध्यम करडे आहे असे गृहीत धरून तो प्रकाशाचे प्रमाण ठरवितो. साहजिकच पांढरे धुके मळकट आणि पक्षी काळा उमटतो. अशा वेळी मापकाने सांगितल्यापेक्षा एक स्टॉप प्रकाश अधिक द्यावा. बसलेल्या पक्ष्यासाठी सेकंदाचा २५० वा भाग पुरतो; थिरथिऱ्याची शेपूट मात्र १,००० व्या भागावाचून स्थिर दिसत नाही. थंड कॅमेरा उबदार खोलीत आणताच भिंगावर दव धरते, म्हणून तो पिशवीत बंद करूनच आत न्यावा व काही वेळ तसाच ठेवावा.

पहिल्या मजल्याचा सज्जा हे ह्या वसाहतीचे मोठे वरदान आहे. जमिनीवरून वर रोखलेल्या कॅमेऱ्यास पांढऱ्या आकाशापुढील काळी आकृती तेवढी मिळते; सज्जातून कडुनिंबाची मधली फांदी डोळ्यांच्या पातळीवर येते आणि पक्ष्यामागे पाने राहतात. खारीचे चित्रही येथूनच चांगले निघते. दिल्लीतील खारीच्या पाठीवर पाच पट्टे असतात, दक्षिणेकडील खारीच्या पाठीवर तीन. आणि बाजूचे फिकट पट्टे वरून पाहिल्याशिवाय नीट मोजता येत नाहीत. इंग्लंडमधील कीर्टन बंधूंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पक्ष्यांची छायाचित्रे घेण्यास आरंभ केला आणि पुढे लपण्यासाठी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैलच बनविला. सज्जावरील वाळत घातलेली चादर तेच काम निमूटपणे करते.

थंडीच्या सकाळी जुन्या झाडाच्या ढोलीच्या तोंडाशी पिंगळ्यांची जोडी ऊन खात बसलेली असते. डोळे अर्धे मिटलेले, पिसे फुगविलेली. चित्र सोपे आहे म्हणूनच येथे मोह आवरावा लागतो. फेब्रुवारीनंतर हीच ढोली त्यांचे घरटे होण्याचा संभव असतो. तिच्याजवळ शिडी लावणे किंवा रात्री प्रकाशझोत टाकणे सर्वथा अनुचित होय.

अशा चित्रास तारीख व जागा जोडली की त्याचे स्वरूप पालटते. २०१८ साली दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्बांधणीसाठी हजारो झाडे तोडण्याचे ठरले. त्यांत आर. के. पुरमला लागून असलेली महंमदपूर वसाहतही होती. जून महिन्यात नागरिक रस्त्यावर उतरले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने वृक्षतोडीस तात्पुरती स्थगिती दिली. झाडांची गणती खोडांवरून होते. कोणत्या खोडात कोण राहत होते हे त्या गणतीत येत नाही. ढोलीतील पिंगळ्याचे दिनांकित छायाचित्र ते सांगू शकते. सुंदर पण तारीखहीन चित्रापेक्षा किंचित अस्पष्ट पण नोंदलेले चित्र अभ्यासकास अधिक उपयोगी वाटते, ते ह्यासाठीच.

नोंदवहीत दिनांक, वेळ, झाड, पक्ष्याची कृती आणि हवा एवढे लिहिले तरी पुरे. जांभळ्या शिंजिराचा नर हिवाळ्याच्या आरंभी मादीसारखाच पिवळट दिसतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ असते. मार्चपर्यंत त्याला चकाकता जांभळा वेष येतो. त्याच फुलझाडावर दर आठवड्यास एक याप्रमाणे घेतलेली चित्रे ओळीने मांडली असता हा पालट दिसू लागतो. मार्च-एप्रिलमध्ये थिरथिऱ्याची भिंत रिकामी होते. शेवटचे चित्र कोणत्या दिवशीचे ते वहीत लिहावे, आणि पुढील ऑक्टोबरात पहिले चित्र मिळेल तेव्हा त्याची तारीख त्याच पानावर खाली लिहावी.