उड्डाणकाल व विमानमार्गाचे अंतर

दोन विमानतळांमधील किमान अंतर पृथ्वीच्या पृष्ठभागावर बृहद्‌वृत्ताच्या कंसाने मोजतात. विमानचालनात ते सागरी मैलांत (१ सागरी मैल = १·८५२ किमी.) देण्याची प्रथा आहे. हिंगोली जिल्ह्यात (स्थापना १९९९) प्रवासी विमानतळ नसल्याने तेथील लोकांना नांदेडचा श्री गुरु गोविंदसिंहजी विमानतळ जवळचा पडतो. ‘उडान’ योजनेखालील पहिल्या मार्गांपैकी नांदेड–हैदराबाद हा मार्ग २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाला. या विमानतळांमधील अंतर सु. २४५ किमी. (१३२ सागरी मैल) आहे. ताशी ५०० किमी. वेगाच्या टर्बोप्रॉप विमानाने ते अर्ध्या तासात कापावे. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, आरोहण, अवरोहण व उतरण्याच्या परवानगीची वाट पाहणे यांत बराच वेळ जातो व वेळापत्रकात साधारणतः एक तास धरावा लागतो. ताशी ५० किमी. वेगाच्या समोरच्या वाऱ्यानेही जेमतेम तीन मिनिटे वाढतात. अल्प पल्ल्यावर विमानाच्या वेगाला फारसे महत्त्व उरत नाही, ते यामुळेच.

हिंगोलीच्या प्रवाशाचा हिशेब याहून वेगळा असतो. नांदेड सरळ रेषेत सु. ६० किमी. असले, तरी कळमनुरी, वारंगा, अर्धापूरमार्गे रस्त्याने सु. दोन तास मोडतात. उड्डाणापूर्वी किमान तासभर आधी पोहोचावयाचे, म्हणजे तीन तास जमिनीवरच जातात. हैदराबादसाठी हा खटाटोप क्वचितच परवडतो. दिल्लीचे हवाई अंतर मात्र नांदेडहून सु. १,०४० किमी. आहे, जेट विमानाला सु. दोन तास लागतात आणि रेल्वेने सु. एक दिवस.