पॅरिस: चित्रातलं आणि चपलेखालचं

विमानतळावरून शहरात नेणारी ‘आरईआर बी’ लोकल सुटली की नवे पाहुणे खिडकीला नाक लावून बसतात. आता आयफेल टॉवर दिसेल, या वळणानंतर दिसेल! दिसतात ती गोदामं, रंगाच्या फवाऱ्यांनी भरलेल्या भिंती, उंच इमारतींच्या वसाहती आणि मग बोगदा. गाडी थांबते ती गार द्यू नोरला, युरोपातल्या सर्वांत गजबजलेल्या रेल्वे स्थानकात. दादरच्या पुलावर घडलेल्या माणसाला ती गर्दी नवी नाही, पण ती पॅरिसमध्ये भेटेल असं त्याच्या ध्यानीमनी नसतं.

आपल्या मनातलं पॅरिस वेगळ्याच वाटेनं आलेलं आहे. १९६० साली पु. लं.ची ‘अपूर्वाई’ आली आणि वाचता वाचता मराठी घरं लंडन-पॅरिस फिरून आली. १९६७ साली ‘ॲन इव्हिनिंग इन पॅरिस’मधून शम्मी कपूरनं ते रंगीत करून दाखवलं. तेव्हापासून लग्नाचा पंचविसावा वाढदिवस म्हटलं की कुणीतरी पॅरिसचं नाव काढतंच. स्वप्न चांगलंच आहे. ते मोडू नये एवढ्यासाठी हा सगळा मसाला.

स्वप्नभंगाचं वैद्यकीय नाव

पॅरिसनं निराश केलं म्हणून माणसं चक्क आजारी पडली आहेत. हिरोआकी ओता या पॅरिसमध्ये काम करणाऱ्या जपानी मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात त्याला ‘पॅरिस सिंड्रोम’ असं नाव दिलं. छाती धडधडणं, गरगरणं, सगळे आपल्यावर टपून बसलेत असं वाटणं ही त्याची लक्षणं. १९८८ ते २००४ या काळात असे ६३ जपानी रुग्ण नोंदले गेले. लाखो प्रवाशांत हा आकडा अगदी किरकोळ, तेव्हा घाबरून तिकीट रद्द करायचं कारण नाही. पण कारणं वाचण्यासारखी आहेत: भाषा न कळणं, वागण्याच्या रीती वेगळ्या असणं, प्रवासाचा शीण, आणि मासिकांतून, सिनेमांतून मनात बसलेलं गुळगुळीत चित्र. यातली पहिली तीन कारणं तयारीनं सुटतात. चौथ्यासाठी पुढे वाचा.

वीस वर्षांच्या बोलीवर उभा राहिलेला मनोरा

प्रेमाचं जागतिक चिन्ह झालेला आयफेल टॉवर पॅरिसकरांना सुरुवातीला डोळ्यांसमोर नको होता. १८८७ मध्ये पायाचं काम सुरू झालं न झालं तोच नामवंत लेखक-कलावंतांनी वर्तमानपत्रात जाहीर निषेधपत्र छापलं. सह्या करणाऱ्यांत कथाकार मोपासाँ होता, संगीतकार गुनो होता, आणि ऑपेरा हाउस बांधणारा शार्ल गार्निए होता. परवानगीही फक्त वीस वर्षांची होती, मग पाडायचं ठरलेलं. टॉवर वाचला तो प्रेमामुळे नव्हे, तर रेडिओमुळे. एवढ्या उंचीवरून बिनतारी संदेश लांबवर जातात हे सैन्याला पटलं आणि पाडायचा विषय मागे पडला. आज वरच्या अँटेनासकट तो ३३० मीटर उंच आहे.

आणखी मौजा ऐका. तो बांधायला दोन वर्षं, दोन महिने आणि पाच दिवस लागले. लोखंडाचे १८ हजारांवर तुकडे आणि सुमारे २५ लाख रिव्हेटा त्यात आहेत. साधारण सात वर्षांनी त्याला रंग द्यावा लागतो आणि एका वेळी ६० टन रंग लागतो. १८८९ साली तो तांबूस दिसायचा, नंतर पिवळाही होऊन गेला. कडक उन्हाळ्यात लोखंड प्रसरण पावतं आणि टॉवर काही सेंटिमीटर उंच होतो. १९२५ मध्ये व्हिक्टर लुस्टिग नावाच्या भामट्यानं तर सरकारी अधिकारी असल्याचं सोंग घेऊन एका भंगारवाल्याला तो विकूनही टाकला!

आता कामाचं. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं २० हजार दिवे लुकलुकतात. आपल्याकडची मंडळी मे-जूनच्या सुट्टीत जातात आणि संध्याकाळी सातलाच मान वर करून उभी राहतात. जूनमध्ये पॅरिसचा सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. लुकलुकाट हवा असेल तर जेवण आटोपून निघा. दुसरं म्हणजे, टॉवरवर चढल्यावर पॅरिस दिसतं, पण त्यात टॉवर नसतो. फोटोतलं दृश्य हवं तर नदीपलीकडच्या त्रोकादेरोच्या गच्चीवर जा. तिथे तिकीटही लागत नाही.

मोनालिसाच्या समोरची भिंत

लूव्रमधल्या मोनालिसाला भेटायला जाणाऱ्यांचा विरस बहुधा आकारामुळे होतो. चित्र ७७ सेंटिमीटर उंच, ५३ सेंटिमीटर रुंद, पॉप्लरच्या लाकडी फळीवर काढलेलं आणि जाड काचेमागे ठेवलेलं. मध्ये शेकडो उंचावलेले मोबाइल. दोन-तीन मिनिटांत मागची गर्दी तुम्हाला पुढे ढकलते.

माझं सांगणं एवढंच, की त्या गर्दीत एकदा वळून पाहा. बरोबर समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझेचं ‘काना गावचं लग्न’ आहे. जवळजवळ पावणेसात मीटर उंच, दहा मीटर रुंद, लूव्रमधलं सर्वांत मोठं चित्र. नेपोलियनच्या फौजेनं १७९७ मध्ये व्हेनिसहून उचलून आणलेलं. पंगत बसली आहे, वाढपी धावताहेत, वाद्यं वाजताहेत, कुत्री हुंगत फिरताहेत. लग्नघर कसं असतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. त्या चित्रातला एकेक माणूस ओळखीचा वाटतो. आणि त्याच्यासमोर बहुतेक सगळे पाठ करून उभे असतात.

मोनालिसा एवढी गाजली कशी? १९११ च्या ऑगस्टमध्ये विन्चेन्झो पेरुज्जा या इटालियन कामगारानं ती लूव्रमधून चोरली. दोन वर्षांहून अधिक काळ ती बेपत्ता होती. त्या दिवसांत लोक रांगा लावून भिंतीवरची तिची रिकामी जागा पाहायला यायचे. १९१३ च्या डिसेंबरमध्ये ती फ्लॉरेन्सला सापडली, तोवर जगातल्या वर्तमानपत्रांनी तिचा चेहरा घरोघर पोचवला होता.

मंगळवारी लूव्र बंद असतं. टूरच्या कार्यक्रमात वार तपासून घ्या.

प्रेमाचं वजन

पाँ देझार या पादचारी पुलाच्या कठड्याला नावं कोरलेलं कुलूप लावायचं आणि किल्ली सीनमध्ये फेकायची, ही जोडप्यांची हौस पुलाला भोवली. जून २०१४ मध्ये कठड्याचा एक भाग कोसळला. पुढच्या वर्षी नगरपालिकेनं सगळी कुलुपं काढली. त्यांचं वजन भरलं सुमारे ४५ टन! आता तिथे गुळगुळीत काचेचे कठडे आहेत. कुलूप घरीच ठेवा. पुलावर संध्याकाळी नुसतं बसता येतं आणि खालून नदी वाहताना दिसते, तेवढं पुष्कळ आहे.

माळ्यावरची खोली: दहा बाय दहा

पॅरिस म्हटलं की छपराखालची खोली, खिडकीत कुंडी आणि चांदण्या आल्याच. त्या खोल्यांना ‘मोलकरणींच्या खोल्या’ असंच नाव आहे. १८५३ पासून शहराचा कारभार पाहणाऱ्या हॉसमाननं जुन्या अंधाऱ्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते आणि एकसारख्या इमारती उभारल्या. त्यांच्या खालच्या मजल्यांवर श्रीमंत राहायचे, तर नोकरमाणसं थेट जस्ताच्या छपराखाली. तिथे उन्हाळ्यात भट्टी तापते, हिवाळ्यात गारठा. संडास बहुधा जिन्यापाशी सामाईक, आणि मागचा जिना वेगळा. भाड्यानं द्यायच्या खोलीला आज कायद्यानं किमान नऊ चौरस मीटर जागा लागते. म्हणजे आपल्या चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीपेक्षाही जराशी कमीच. गिरगाव-लालबागच्या माणसानं ‘काय ही खोली!’ म्हणायच्या आधी आजीला फोन लावावा.

त्या करड्या छपरांसाठी जीव टाकावा असं मात्र नक्की आहे. पत्रे हातानं दुमडून, जोडून बसवणाऱ्या तिथल्या कारागिरांच्या कसबाला डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोनं वारशाचा मान दिला. सकाळच्या पावसानं ती छपरं ओली होऊन चमकतात तेव्हा छत्री उघडायची विसरायला होतं. पाऊसही गमतीचा आहे. पॅरिसमध्ये वर्षभरात पुण्यापेक्षा कमी पाऊस पडतो, पण तो बाराही महिने थोडा थोडा शिंपडत राहतो. छत्री मेमध्येही न्या.

वेटर रागीट नाही, तुम्ही बाँजूर म्हणालात का?

‘पॅरिसचे लोक उर्मट’ ही तक्रार घेऊन परतणारे खूप. त्यातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ एका शब्दात असावं असं मला वाटतं. तिथे दुकानात शिरल्यावर आधी ‘बाँजूर’ म्हणायचं, मग काय हवं ते विचारायचं. थेट ‘हे कितीला?’ विचारणं म्हणजे कुणाच्या घरात चपला घालून देवघरापर्यंत जाणं. एक बाँजूर टाका आणि चेहरे कसे सैल पडतात ते पाहा. निघताना ‘मेर्सी, ओ रव्हार’.

‘कॅफे’ मागितलात तर बोटभर कपात कडक एस्प्रेसो येते. दुधाची हवी तर ‘कॅफे क्रेम’ म्हणा. काउंटरला उभं राहून प्यायलात तर स्वस्त, बाहेरच्या खुर्चीत महाग. बाहेरच्या खुर्च्या एकमेकींकडे नव्हे, रस्त्याकडे तोंड करून मांडलेल्या असतात. एका कपावर तासभर बसा, कुणी उठवत नाही. बिलात सेवेचे पैसे धरलेले असतात. पाण्याची बाटली मागवू नका. ‘कराफ दो’ म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं. रस्त्यावरही रिचर्ड वॉलेस या इंग्रज दानशूरानं १८७२ पासून बसवलेल्या हिरव्या पाणपोया आहेत. चार स्त्रियांच्या डोक्यावर घुमट आणि मध्ये पाण्याची धार. बाटली भरून घ्या.

शाकाहारी मंडळींनी जरा सावध राहावं. प्रसिद्ध कांद्याचं सूप बहुधा गोमांसाच्या अर्कात शिजलेलं असतं, आणि कोंते, रोकफोरसारखी पारंपरिक चीज जनावराच्या जठरातल्या विरजणानं लावतात. मारे भागात रू दे रोझिएवर फलाफल मिळतो. तो पोटभर असतो आणि चालताना खाता येतो.

आणि तो लांबुडका पाव, बागेत! १९९३ च्या हुकमानुसार ‘पारंपरिक’ म्हणून विकायच्या पावात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण हेच मुख्य. रासायनिक मिसळण चालत नाही. दरवर्षी उत्कृष्ट बागेतची स्पर्धा होते आणि विजेत्याचा पाव वर्षभर राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे राजवाड्यात जातो. २०२३ चे विजेते थर्शन सेल्वराजा मूळचे श्रीलंकेचे तमिळ. पाव ही पॅरिसकरांची इतकी निकड, की सगळ्या बेकऱ्यांनी एकदम सुट्टीवर जायचं नाही, निम्म्यांनी जुलैत जायचं, निम्म्यांनी ऑगस्टमध्ये, असा नियम राज्यक्रांतीच्या काळापासून चालत आला होता. २०१५ च्या उन्हाळ्यापासून तो सुटला. त्यामुळे ऑगस्टमध्ये गेलात आणि आवडत्या बेकरीच्या दारावर चिठ्ठी दिसली, तर मालक समुद्रावर आहे असं समजा.

स्वच्छतेच्या दोन गोष्टी

पॅरिसचे फूटपाथ कुत्र्यांच्या घाणीसाठी बदनाम होते. १९८२ पासून नगरपालिकेनं ती शोषून घेणाऱ्या हिरव्या मोटरसायकली फिरवल्या. लोकांनी त्यांना ‘मोतोक्रोत’ म्हणजे शी-गाडी असं नाव ठेवलं. खर्च फार आणि घाण उरायचीच, म्हणून २००४ पर्यंत त्या बंद झाल्या आणि कुत्र्याच्या मालकांना दंड सुरू झाला.

दुसरी गोष्ट सीनची. सिनेमातले प्रेमिक जिच्या काठावर फिरतात त्या नदीत पोहायला १९२३ पासून बंदी होती. ऑलिंपिकच्या निमित्तानं सुमारे १४० कोटी युरो खर्चून सांडपाणी अडवलं, ऑस्टरलिट्झ स्थानकाजवळ पावसाचं पाणी साठवायला प्रचंड भूमिगत टाकी बांधली. जुलै २०२४ मध्ये महापौर ॲन हिडाल्गो यांनी स्वतः नदीत उडी घेतली. ५ जुलै २०२५ पासून उन्हाळ्यात तीन ठिकाणी लोकांना फुकट पोहता येऊ लागलं. जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी बंदीचा झेंडा लागतो. मुळा-मुठेच्या पुलावरून रोज जाणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. मला ती आयफेल टॉवरहून मोठी वाटते.

आपली माणसं

पॅरिसला सगळेच प्रणयाची स्वप्नं घेऊन गेले नाहीत. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, पुढचे सेनापती बापट, तिथे गेले ते रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची विद्या शिकायला. मादाम कामांनी कित्येक वर्षं तिथूनच स्वातंत्र्याचं काम केलं. जे. आर. डी. टाटांचा जन्म १९०४ सालचा पॅरिसचा, आई फ्रेंच. तेही त्याच शहरातल्या पेर लाशेज दफनभूमीत विसावले आहेत.

आणि गार द्यू नोरच्या मागे, पहिल्या दिवशी आपण बॅगा ओढत घाईघाईनं ओलांडलेल्या ला शापेल भागात गणपतीचं देऊळ आहे. तिथल्या तमिळ मंडळींनी उभं केलेलं. दरवर्षी उन्हाळा सरता सरता गणेशचतुर्थीच्या सुमाराला रविवारी रथ निघतो. नादस्वरम वाजतं, डोक्यावर कापराची मडकी घेतलेल्या बायका चालतात, आणि वाटेवरच्या दुकानांपुढे नारळांचे ढीग रचलेले असतात. रथ आला की ते दणादण फोडतात. पाणी करड्या दगडी रस्त्यावरून वाहतं, पोरं खोबऱ्याचे तुकडे वेचतात, आणि खिडकीतल्या फ्रेंच आजीबाई खाली वाकून पाहत असतात.