क्रिकेटचं अख्खं मैदान ड्रोनच्या एका फोटोत का मावत नाही?

गावातली टेनिस बॉल टुर्नामेंट असो, जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान असो की बैलगाडा शर्यतीचा घाट असो, आज कुठल्याही स्पर्धेच्या पोस्टरवर बक्षिसांच्या रकमेसोबत एक ओळ हमखास असते : ‘संपूर्ण सामन्यांचं ड्रोन शूटिंग.’

दुसऱ्या दिवशी रील येतं. वरून दिसणारं हिरवं मैदान, मधोमध पिचची मातकट पट्टी, खेळाडूंच्या लांबलचक सावल्या. लाईक्स तर मिळणारच. पण असा फोटो निघतो कसा? ड्रोन किती उंच न्यायचा? आणि खाली हजारभर माणसं बसलेली असताना तो उडवायला परवानगी असते का?

एकेक करून समजून घेऊ.

आधी गणित उंचीचं

फोटोत किती जमीन मावणार, हे दोन गोष्टींवर ठरतं : ड्रोनची उंची आणि कॅमेऱ्याची लेन्स. बाजारात जास्त चालणाऱ्या छोट्या ड्रोनमध्ये साधारण २४ मिमीच्या तोडीची वाइड लेन्स असते. ४:३ आकाराचा फोटो काढताना कॅमेरा सरळ खाली वळवला, तर ढोबळ हिशोब असा : उंचीच्या १.४ पट लांबी आणि उंचीपेक्षा किंचित जास्त रुंदी फोटोत येते.

आता हे मैदानांना लावून बघा.

- कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं. १० मीटर उंची पुरते.
- खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटरचं. २० मीटरवर काम होतं.
- फुटबॉलचं मैदान १०५ बाय ६८ मीटरचं. ७५ ते ८० मीटर लागतात.

क्रिकेटला मात्र गोची होते. आंतरराष्ट्रीय पुरुष क्रिकेटमध्ये पिचच्या मध्यापासून सीमारेषा किमान ५९.४३ आणि जास्तीत जास्त ८२.२९ मीटरवर असावी लागते. सीमारेषा ७० मीटरवर धरली, तरी मैदान १४० मीटर रुंद झालं. ते अख्खं एका फोटोत घ्यायचं तर ड्रोन १३० मीटरच्या वर न्यावा लागतो, आणि स्टँडही हवे असतील तर आणखी वर. आपल्याकडे ग्रीन झोनमध्ये विनापरवानगी उडण्याची मर्यादा आहे ४०० फूट, म्हणजे साधारण १२० मीटर.

म्हणून मोठ्या मैदानाचा नियमात बसणारा फोटो दोनच प्रकारे निघतो. एक तर ड्रोन थोडा बाजूला घेऊन तिरका कोन धरायचा, नाहीतर एकमेकांवर येणारे चार-सहा फोटो काढून सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे. जोडायचे असतील तर शेजारच्या दोन फोटोंत किमान निम्मा भाग सारखा ठेवावा, म्हणजे सीमारेषा तुटल्यासारखी दिसत नाही.

सावली म्हणजेच खेळाडू

सरळ वरून बघितलं तर बॅट्समन म्हणजे हेल्मेटचा एक ठिपका. तो खेळतोय की उभा आहे, हे कळतं ते सावलीवरून. त्यामुळे भर दुपारी काढलेला फोटो सपाट वाटतो. सकाळी उन्हं नुकतीच वर आल्यावर किंवा संध्याकाळी ती कलताना काढलेल्या फोटोत बॅट उचललेली सावलीत स्पष्ट दिसते.

मोठ्या स्टेडियममधल्या गवतावर फिकट-गडद पट्टे दिसतात, ते काही वेगवेगळ्या जातीच्या गवताचे नसतात. कापणीचं यंत्र एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे फिरतं. पाती ज्या बाजूला झुकतात त्यानुसार उजेड कमी-जास्त परावर्तित होतो. हे पट्टे तिरक्या कोनातून जास्त उठून दिसतात.

आणि टीव्हीवर बॉलरच्या डोक्यावरून तरंगत जाणारा कॅमेरा? तो बहुतेक वेळा ड्रोन नसतो, स्पायडरकॅम असतो. चार बाजूंच्या केबलला टांगलेला. ड्रोनबाबत सांगायचं तर २०२१ च्या फेब्रुवारीत खुद्द बीसीसीआयलाही सामन्यांच्या हवाई चित्रीकरणासाठी केंद्राकडून सशर्त परवानगी घ्यावी लागली होती.

आपल्याला कुठले नियम लागू होतात?

भारतात ‘ड्रोन नियम २०२१’ लागू आहेत. त्यात ड्रोनची वर्गवारी वजनावर होते. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो आणि २ ते २५ किलो स्मॉल.

नॅनो ड्रोनला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. मायक्रो ड्रोन हौसेसाठी उडवला तरीही लागत नाही. पण टुर्नामेंटची सुपारी घेऊन, पैसे घेऊन मायक्रो ड्रोन उडवला की तो व्यवसाय झाला आणि सर्टिफिकेट लागतं. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतून प्रशिक्षण, अशा अटी आहेत. नियम मोडला तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दुसरी गोष्ट जागेची. डिजिटल स्काय या सरकारी प्लॅटफॉर्मच्या नकाशावर देशाचं आकाश ग्रीन, यलो आणि रेड अशा तीन झोनमध्ये वाटलेलं आहे. यलोमध्ये हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, रेडमध्ये केंद्र सरकारची. पुण्यात लोहगावचा विमानतळ हवाई दलाचाही तळ आहे आणि दक्षिण मुंबईत नौदलाचे तळ आहेत. त्यामुळे मैदान ओळखीचं असलं, तरी त्यावरचं आकाश मोकळं असेलच असं नाही. शिवाय सण, निवडणुका, व्हीआयपी दौरे यांच्या काळात पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश निघतात. ते त्या त्या वेळी वेगळे तपासावे लागतात.

मुद्दा दंडाचा कमी, डोक्याचा जास्त

समजा ९०० ग्रॅमचा ड्रोन ६० मीटरवर बंद पडला. हवेचा अडथळा बाजूला ठेवला, तर जमिनीवर येईपर्यंत त्याचा वेग ताशी १२० किमीच्या घरात जातो. हवेमुळे तो प्रत्यक्षात कमी होतो, पण क्रिकेटच्या सीझन बॉलचं वजन साधारण १६० ग्रॅम असतं हे लक्षात घ्या. म्हणजे पाचपटीहून जास्त वजनाची वस्तू, आणि खाली बसलेल्यांच्या डोक्यावर हेल्मेट नाही.

ही नुसती कल्पना नाही. २२ डिसेंबर २०१५ ला इटलीतल्या मॅडोना दी काम्पिलिओमध्ये स्कीइंगच्या वर्ल्डकपमध्ये मार्सेल हिर्शर उतारावरून येत असताना टीव्हीच्या चित्रीकरणाचा ड्रोन त्याच्या अगदी मागे कोसळला. तो थोडक्यात वाचला. त्यानंतर स्कीइंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या स्पर्धांमध्ये ड्रोनवर बंदी घातली. तिथे तर व्यावसायिक टीम होती.

आपल्याकडे कोल्हापूरच्या खासबागसारखं गोल मैदान घ्या. मध्ये आखाडा, चहूबाजूंनी प्रेक्षक. वरून फोटो भारीच येणार, पण तिथवर ड्रोन नेताना तो माणसांच्या डोक्यावरूनच जातो. अशा ठिकाणी कुस्त्या सुरू व्हायच्या आधी, रिकाम्या मैदानाचे शॉट घेऊन ठेवणं शहाणपणाचं. बैलगाडा शर्यतीत आणखी एक धोका. आवाजाने बैल बुजले, तर ते दोन्ही बाजूंच्या गर्दीत घुसू शकतात.

आणि खाली कोण आहे?

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये न्यूझीलंडच्या महिला फुटबॉल संघाच्या सरावावर कॅनडाच्या स्टाफने ड्रोन उडवला. कॅनडाचे सहा गुण कापले गेले आणि कोच बेव्ह प्रीस्टमन यांच्यावर एक वर्षाची बंदी आली. तिथे प्रश्न डावपेचांचा होता. आपल्या गावच्या मैदानावर सराव करणाऱ्या मुलींच्या डोक्यावर अनोळखी ड्रोन घिरट्या घालू लागला, तर उद्यापासून त्यांचं मैदानावर येणंच बंद होऊ शकतं. तुमच्यासाठी ते एक रील असतं, त्यांच्यासाठी खेळ सुटण्याचं कारण.

उडवण्याआधी एवढं बघा

- डिजिटल स्कायवर झोन आणि स्थानिक पोलिसांचा आदेश तपासा.
- आयोजक आणि मैदानाच्या मालकाला विचारा. लहान मुलं किंवा मुली खेळत असतील तर कोचला आधी सांगा.
- फ्लडलाईटचे खांब आणि तारा आधी चालत जाऊन बघा. ‘रिटर्न टू होम’ची उंची त्या खांबांपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर सिग्नल गेला की ड्रोन परतताना थेट खांबावर आदळतो.
- ॲपमध्ये दिसणारी उंची ड्रोन जिथून उडाला तिथून मोजलेली असते. गच्चीवरून उडवला तर ती गच्चीची उंची त्यात धरा.
- घारी फिरत असतील तर ड्रोन खाली घ्या. त्या ड्रोनवर झडप घालतात.

आणि तुम्ही आयोजक असाल, तर ड्रोनवाल्याला रेट विचारायच्या आधी दोन गोष्टी विचारा : ड्रोनचं वजन किती आणि सर्टिफिकेट आहे का? दुर्घटना झालीच, तर लोक आधी पोस्टरवर नाव असलेल्या माणसालाच जाब विचारतात.