जुन्या डेस्कटॉपला वाय-फाय जोडताना

बारामतीतली कृषी सेवा केंद्रं, इंदापुरातली झेरॉक्सची दुकानं, पतसंस्थांच्या शाखा, वस्तीवरची घरं. दहा-बारा वर्षांपूर्वीचे डेस्कटॉप अशा ठिकाणी अजून मुकाट्यानं राबताहेत. टॅली चालते, बिलं छापली जातात, मुलांचे प्रवेशाचे फॉर्म भरले जातात. २०११ पासून ‘संग्राम’ प्रकल्पातून राज्यातल्या ग्रामपंचायतींत संगणक पोचले, साधारण त्याच पिढीची ही यंत्रं. त्यांच्यात वाय-फाय नसतं. तेव्हा नेट वायरनं यायचं, नाहीतर सिमकार्डाच्या डोंगलमधून. आता फायबर आलं, राऊटर पुढच्या खोलीत लागला आणि संगणक मागच्या खोलीतच राहिला. मग दुकानात जाऊन ‘वाय-फायचा डोंगल द्या’ म्हटलं जातं आणि खोक्यावरचा मोठा आकडा बघून खरेदी होते. पैसे वाया जातात ते इथेच.

आधी एक फुकटची चाचणी करून बघावी. अँड्रॉइड फोन घरच्या वाय-फायला जोडायचा, मोबाइल डेटा बंद ठेवायचा, चार्जिंगच्या केबलनं फोन संगणकाला लावायचा आणि सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करायचं. बहुतेक फोन वाय-फायवर आलेलं नेट केबलमधून संगणकाला देतात, म्हणजे तेवढ्यापुरता फोनच डोंगल होतो. त्या जागी फोनलाच रेंज मिळत नसेल, तर बोटाच्या पेराएवढ्या डोंगलकडून फार आशा ठेवू नये. उलट स्पीड टेस्टचा आकडा चांगला येऊनही पानं रखडत असतील, तर दोष नेटचा नाही; २ जीबी रॅमचा किंवा थकलेल्या हार्डडिस्कचा आहे. तिथे डोंगलऐवजी एसएसडी घ्यावी.

वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंतीतून बरी पार होते. पण शेजारपाजारचे राऊटर आणि ब्लूटूथही तिथेच असल्यानं गर्दी होते. ५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त, पोच कमी. म्हणून शक्यतो दोन्ही पट्टे पकडणारा, म्हणजे ‘ड्युअल बँड’ डोंगल घ्यावा.

या बागायती भागात अंतराचा प्रश्न वेगळाच असतो. नीरा डाव्या कालव्याखालच्या वस्तीवर घर एकीकडे, गोठ्याजवळची खोली दुसरीकडे आणि मध्ये उसाचा फड. पानांतलं पाणी या लहरी शोषून घेतं. त्यामुळे लागणीच्या वेळी खिडकीतून पोचणारी रेंज ऊस डोक्यावर गेला की मंदावते आणि तोड झाली की पुन्हा सुधारते. ५ गिगाहर्ट्झला हा फटका जास्त बसतो. अशा ठिकाणी कुठल्याही डोंगलच्या भरवशावर राहू नये. पाइपातून कॅट-६ केबल ओढावी; ती १०० मीटरपर्यंत चालते आणि जुन्या डेस्कटॉपला तिचं पोर्ट बहुधा असतंच.

आता खोक्यावरचा आकडा. ‘एसी ६००’ म्हणजे ५ गिगाहर्ट्झवरचे ४३३ आणि २.४ वरचे सुमारे २०० मेगाबिट यांची कागदावरची बेरीज. एका वेळी पट्टा एकच वापरला जातो. त्यात २०११ च्या एच-६१ चिपसेटच्या मदरबोर्डवर मुळात यूएसबी २.० असतं. त्याची कागदावरची मर्यादा ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात मिळतं त्याहून बरंच कमी. १०० मेगाबिटच्या प्लॅनला ते पुरून उरतं. त्यामुळे अशा यंत्राला महागडा वाय-फाय ६ चा डोंगल लावणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. शिवाय त्यातले बरेचसे विंडोज १० किंवा ११ च मागतात.

राऊटर त्याच खोलीत असेल तर टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२५एनसारखा, फक्त २.४ वर चालणारा चिमुकला डोंगलही भागवतो. एखादी भिंत मध्ये असेल, तर बाहेर अँटेना असलेला आर्चर टी२यू प्लससारखा एसी ६०० डोंगल जुन्या डेस्कटॉपसाठी सर्वांत शहाणपणाचा. मात्र तो सीपीयूच्या मागे खुपसू नये. टेबलाखालचा पत्र्याचा डबा सिग्नल अडवतो. मीटरभर यूएसबी एक्स्टेंशन केबल घेऊन डोंगल टेबलावर मांडला की तीच वस्तू कितीतरी बरी चालते. यंत्रात निळं यूएसबी ३.० पोर्ट असेल आणि त्यावर बाहेरची हार्डडिस्क लावलेली असेल, तर डोंगल तिच्यापासून लांब ठेवावा. त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्ये मिसळतो, हे इंटेलनं २०१२ मध्येच दाखवून दिलं आहे.

सगळ्यांत जास्त माणसं अडतात ती ड्रायव्हरवर. नेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट मिळत नाही. सीडीचा ड्राइव्ह तर कधीच बंद पडलेला असतो. इथेही फोनचं टेदरिंगच कामी येतं. विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला थांबवला; तीच प्रणाली असेल तर त्या मॉडेलला तिचा ड्रायव्हर आहे का, हे कंपनीच्या साइटवर आधी पाहावं. एकाच नावाच्या डोंगलच्या पोटातली चिपही बदलते. टीएल-डब्ल्यूएन७२२एनच्या पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची चिप होती, पुढच्या आवृत्त्यांत रिअलटेकची आली. लिनक्स वापरणाऱ्यांना हा फरक चांगलाच जाणवतो.

तेव्हा दुकानातून निघताना बिलावर मॉडेल नंबर आणि आवृत्ती लिहून घ्या, आणि आपल्या विंडोजवर चालला नाही तर बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधीच विचारा.