रोपांना पाणी, पण बेताने

पावसाळी भाताची कापणी आटोपली की गोव्यातील शेतकऱ्यांचे लक्ष भाजीपाल्याकडे वळते. हरमलची मिरची असो, ताळगाव-आगशीकडील वांगी असोत किंवा अलीकडे बहुतेक सर्वत्र लावला जाणारा टोमॅटो असो, या पिकांचा आरंभ ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत रोपवाटिकेच्या लहानशा वाफ्यात होतो. या वाफ्याचे आयुष्य पाच-सहा आठवड्यांचेच. तथापि पुढील तीन-चार महिन्यांचे उत्पन्न त्याच्यावर अवलंबून असते. नोव्हेंबरात रोपे दगावली तर पुन्हा बी टाकावे लागते, लावणी महिन्याभराने लांबते आणि फळांचा बहर नेमका विहिरींचे पाणी तळाला गेलेल्या दिवसांत येतो. बियाण्याचा खर्च वाया जातो तो वेगळाच.

रोपे का मेली असे विचारले असता "बी खोटे निघाले" किंवा "पाणी कमी पडले" अशी उत्तरे सर्रास ऐकू येतात. बी कधी कधी खोटे निघते, यात शंका नाही. परंतु दररोज दोन्ही वेळा पाणी मिळणाऱ्या वाफ्यातील रोपे माना टाकू लागली, तर पाण्याच्या टंचाईपेक्षा त्याच्या अतिरेकाचा संशय प्रथम घ्यावा. दुर्दैवाने आडवे पडलेले रोप दिसताच शेतकरी त्यावर आणखी एक घागर ओततो, आणि जी रोपे वाचली असती तीही जातात.

मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांतील काहींत पाणी व काहींत हवा असावी लागते, कारण मुळांनाही श्वासोच्छ्वास करावयाचा असतो. पोकळ्या पाण्याने पूर्ण भरल्या की मुळे गुदमरतात व पाणी शोषून घेण्याची त्यांची शक्ती मंदावते. म्हणूनच चिखलात उभे असलेले रोपही तहानलेल्या रोपासारखे मलूल दिसते. याच स्थितीत पिथियमसारख्या बुरशींचे फावते. ही बुरशी जमिनीतच वास करते. तिचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरातून पोहत जाऊन रोपाच्या कोवळ्या मानेला गाठतात. मान जमिनीलगत पाणचट होते, मग बारीक होऊन काळपट पडते आणि रोप तेथेच मोडून पडते. यालाच रोपे कोलमडण्याचा रोग म्हणतात. कित्येकदा बी उगवून वर येण्यापूर्वीच जमिनीत कुजते आणि दोष बियाणे विकणाऱ्याच्या माथी मारला जातो.

तहान आणि रोग यांतील भेद ओळखणे कठीण नाही. तहानलेली रोपे दुपारच्या उन्हात बहुधा वाफाभर सारखीच, कडेची थोडी आधी, पाने खाली टाकतात. खोड ताठ राहते आणि पाणी मिळताच ती सावरतात. रोगाने पडलेली रोपे ठिकठिकाणी, जणू कोणी टोपली पालथी घातल्याप्रमाणे गोलाकार चकत्यांत पडतात. सकाळच्या थंड वेळीही ती आडवीच असतात. असे एक रोप हलकेच उपटून पाहावे. मान दोऱ्यासारखी बारीक झालेली असेल, तर पाणी वाढविण्याऐवजी थांबवावयाचे आहे हे निश्चित समजावे.

पाणी किती द्यावे याचा हिशेब सोपा आहे. शिक्षकांनी तो वर्गात मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी समान पसरले, तर त्याची उंची एक मिलिमीटर होते. आपला नेहमीचा गादीवाफा 3 मीटर लांब व 1 मीटर रुंद, म्हणजे 3 चौरस मीटरांचा असतो. त्यावर 10 लिटरांची एक झारी फिरविली तर तीन मिलिमीटरांहून किंचित अधिक, म्हणजे एका हलक्या सरीएवढे पाणी पडते. उगवण झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा मुळे वरच्या चार-पाच सेंटिमीटरांतच असतात, तेव्हा थंडीच्या दिवसांत एवढे पाणी सामान्यतः पुरते. उलट, 15 लिटरांच्या पाच घागरी त्याच वाफ्यात ओतल्या तर 25 मिलिमीटर पाणी होते. हा एक इंच पाऊस झाला! दोन पानांच्या रोपाला त्याचा काय उपयोग?

अर्थात सर्व जमिनी सारख्या नसतात. मरड भागातील जांभ्याची माती पाणी लवकर सोडते, तेथे प्रसंगी दुसऱ्यांदा झारी फिरवावी लागेल. भात निघालेल्या शेतातील चिकण माती मात्र पाणी धरून ठेवते. वर कोरडी दिसली तरी खाली ओली असते. म्हणून नियम पाठ करण्यापेक्षा बोटाने पाहावे. दोन-तीन सेंटिमीटर खालची माती मुठीत दाबावी. गोळा होऊन बोट लावताच फुटला तर ओल योग्य आहे. बोटांतून पाणी निघाले तर त्या दिवशी झारीला हात लावू नये. गोळाच न झाला तर पाणी द्यावे.

आता पाणी कसे द्यावे, ते पाहू. घागरीची धार उंचावरून पडली की बी उघडे पडते, वाहत जाऊन एका कोपऱ्यात साचते, आणि रोपांची मुळे मोकळी होतात. जड थेंबांनी ढेकळे फुटून मातीचे बारीक कण वर बसतात व वाळल्यावर त्यांची पापडी होते. ही पापडी फोडण्याची ताकद मिरचीच्या कोंबात नसते. झारीच्या तोंडाची भोके बारीक असावीत. ते तोंड वरच्या दिशेला वळवून बसविले की पाणी आधी वर उडून मग मऊ सरीप्रमाणे खाली येते. झारी कलती करताच प्रथम जाड थेंब गळतात आणि शेवटीही तसेच गळतात. यास्तव ओतणे वाफ्याच्या बाहेर सुरू करावे, झारी चालत्या हाताने वाफ्यावरून न्यावी व पलीकडे बाहेरच थांबवावी. तीन लिटर एकाच ठिकाणी उभे राहून देण्यापेक्षा तेवढेच पाणी तीन फेऱ्यांत दिलेले केव्हाही चांगले, कारण पहिली फेरी जिरेपर्यंत दुसरी येत नाही. झारी नसेल तर मडक्याच्या धारेखाली पसरलेला तळहात धरावा किंवा तोंडाला गोणपाटाचा तुकडा बांधावा. मोटारीच्या नळीचे तोंड बोटाने दाबून फवारा उडविण्याची पद्धत मात्र लहान रोपांवर वापरू नये. त्या माऱ्याने रोपे झोपतात.

उगवणीपूर्वी वाफ्यावर भाताच्या पेंढ्याचे पातळ आच्छादन असावे व पाणी त्यावरूनच द्यावे. मिरचीचे कोंब साधारणपणे आठ ते दहा दिवसांत दिसू लागतात. ते दिसताच त्याच सायंकाळी पेंढा काढावा. एक-दोन दिवसांचा आळस केला तर रोपे पांढुरकी, लांबट होतात, आणि अशी रोपे सर्वांत आधी कोलमडतात. यानंतर पाणी शक्यतो सकाळी द्यावे. सायंकाळी दिल्यास रात्रभर पाने व माती ओली राहतात, त्यात नोव्हेंबर-डिसेंबरचे दव पडते. बुरशीला याहून अधिक काय हवे?

वाफा जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटर उंच असावा आणि दोन वाफ्यांमधील चरातून जादा पाण्याला वाट असावी, हे सांगणे नको. बी मुठीने फेकू नये, ओळींत विरळ पेरावे, म्हणजे रोपांमधून वारा खेळतो. गेल्या वर्षी रोपे मेली ती जागा यंदा टाळावी. पेरणीपूर्वी बियाण्यास किलोस 4 ते 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे. रोग दिसू लागलाच तर पाणी बंद करून, पडलेली रोपे मातीसह काढून, आजूबाजूस लिटरभर पाण्यात 3 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड या प्रमाणात द्रावण झारीने घालावे. तेदेखील माती भिजेल इतकेच. औषध म्हणून वाफा तुडुंब भरला तर औषधाचा हेतूच नष्ट होतो.

प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये नारळाच्या काथ्याच्या भुशात रोपे वाढविण्याची पद्धत आता बरीच रूढ झाली आहे. हा भुसा वरून लवकर फिकट दिसतो, पण आत पाणी धरून असतो. ट्रे उचलून त्याच्या वजनावरून पाण्याचा अंदाज घेण्याची सवय लावावी. वर हिरवे शेवाळ धरू लागले तर पाणी जास्त होत आहे.

शाळांच्या परसबागांत एक निराळीच अडचण असते. पाणी घालण्याचे काम सर्वांनाच आवडते, आणि तीस मुलांनी प्रेमाने एकेक तांब्या ओतला तर सर्वांत लाडका वाफा सर्वांत आधी जातो. एका दिवशी एकाच विद्यार्थ्याकडे झारी सोपवावी, त्याने आधी मुठीत माती दाबून पाहावी आणि किती लिटर घातले ते वहीत लिहावे. महिन्याअखेर ती वही वाफ्याशेजारी बसून वाचली तर विज्ञानाचा एक तास सत्कारणी लागेल.

लावणीच्या आधी आठवडाभर पाणी हळूहळू कमी करावे, म्हणजे रोपे काटक होतात. उपटण्यापूर्वी काही तास मात्र वाफा चांगला भिजवावा, जेणेकरून मुळे तुटणार नाहीत. लावणी उन्हे कलल्यावर करावी, प्रत्येक रोपाच्या बुंध्याशी तांब्याने थोडे पाणी द्यावे, माती हाताने दाबावी, आणि पहिले तीन-चार दिवस दुपारच्या उन्हापासून नारळाच्या झावळीच्या तुकड्यांची सावली धरावी.